धुळीआडचे तारे

पौष महिन्यातील गोष्ट. कॉलेजला चार दिवस सुटी होती म्हणून मी गावी गेले होते. आमचे गाव उमरेड तालुक्यात आहे. त्या दिवसांत शेतात तुरी उभ्या असतात आणि रात्री रानडुकरे येतात, म्हणून बाबा जागलीला जातात. एका रात्री हट्ट करून मीही त्यांच्याबरोबर गेले. शेकोटीजवळ बसलो होतो. माथ्याच्या किंचित दक्षिणेला मृग नक्षत्र आले होते. चार पायांचा तो मृग, त्याच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे लखलखणारा व्याध. रात्र किती झाली हे बाबा त्या बाणावरून सांगतात. त्यांना घड्याळ लागत नाही.

थोडी ऐट मिरवावी म्हणून मी म्हटले, "बाबा, बाणाच्या खाली तो पुसटसा डाग दिसतो ना, तो धुळीचा आणि वायूचा ढग आहे. तिथे नवे तारे जन्मतात. त्यातला एक तारा तर आपल्या सूर्याच्या सुमारे तीसपट जड आहे."

बाबांनी शेकोटीत काटकी सरकवली आणि म्हणाले, "असंन. पन कोन गेलं होतं वं तिथं मोजाले?"

मला उत्तर देता आले नाही. मी कला शाखेची विद्यार्थिनी. गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रातील तारांगण पाहिल्यापासून आकाशाविषयी मराठीत जे मिळेल ते वाचते, एवढेच. पण बाबांचा प्रश्न साधा नव्हता. तर्कशास्त्राच्या तासाला आपण प्रत्यक्ष आणि अनुमान हे भेद शिकतो. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे, हे अनुमान. परंतु जेथे कोणी जाऊ शकत नाही आणि जेथील प्रकाशही वाटेतल्या धुळीने अडवला जातो, तेथील ताऱ्याचे वजन, वय आणि अंतर कशावरून ठरवायचे? येथे तर धूरच अग्नीला लपवीत आहे! हा प्रश्न मनात धरून मी जे वाचले ते माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींपुढे मांडते आहे. काही उणे राहिल्यास प्राध्यापकवर्गाने सांभाळून घ्यावे.

जड तारे म्हणजे काय?

आकाशातील सर्व तारे सारखे नसतात. सूर्याच्या सुमारे आठपट किंवा त्याहून अधिक वस्तुमान असलेल्या ताऱ्यांना या लेखात मी 'जड तारे' म्हणणार आहे. असे तारे फार थोडे. एखाद्या ढगातून हजार तारे जन्मले तर त्यांत जड तारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतात.

वस्तुतः ज्याच्याजवळ इंधन जास्त तो जास्त काळ जळेल असे आपल्याला वाटते. ताऱ्यांच्या बाबतीत उलट घडते. तारा जितका जड तितका त्याचा गाभा तापतो आणि तितक्या वेगाने तो आपले हायड्रोजनचे भांडार उधळून टाकतो. सूर्याचे एकूण आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षांचे मानतात. सूर्याच्या पंचवीसपट जड तारा जेमतेम ७० लाख वर्षांत संपतो. चाळीसपट जड तारा ५० लाख वर्षांच्या आसपास. पण तेवढ्या काळात त्याचा प्रकाश सूर्याच्या लाखो पट असतो. मोठ्या घरचा मुलगा बापाची इस्टेट चार वर्षांत उडवतो आणि हातावर पोट असलेला माणूस ऐंशी वर्षे काटकसरीने जगतो, तशातलाच हा प्रकार.

मग इतक्या थोड्या आणि अल्पायुषी ताऱ्यांचा अभ्यास कशासाठी करावयाचा? याचे कारण आपल्या श्वासात आहे. विश्वातील बहुतेक प्राणवायू अशाच ताऱ्यांच्या पोटात तयार झाला आणि त्यांच्या मृत्यूच्या वेळच्या स्फोटाने अवकाशात विखुरला गेला. त्यातूनच पुढचे तारे, ग्रह आणि अखेर आपण घडलो. आपल्या पूर्वजांची वंशावळ शोधावी तसा हा अभ्यास आहे.

गोरजातला सूर्य

जड ताऱ्यांची एक अडचण अशी की ते जन्मस्थान सोडून फारसे दूर जाण्याआधीच मरतात. त्यांचे जन्मस्थान म्हणजे आकाशगंगेच्या पट्ट्यातील धुळीचे ढग. हे धूलिकण एक मायक्रॉनहूनही बारीक असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरी ०.४ ते ०.७ मायक्रॉन लांबीच्या असतात. म्हणजे कण आणि लहरी जवळपास एकाच मापाच्या, आणि म्हणून धूळ हा प्रकाश अडवते आणि विखुरते.

सायंकाळी गुरे घरी परततात तेव्हा उडालेल्या गोरजातून सूर्य लाल दिसतो, हे आपण गावाकडे पाहिलेले आहे. निळ्या प्रकाशाच्या लहरी आखूड. त्या वाटेतच विखुरतात. तांबड्या लहरी लांब. त्या आपल्यापर्यंत पोचतात. मग तांबड्याहूनही लांब लहरी असल्या तर? त्या धुळीतून अधिकच सहज पार होतील. अशा लहरी आहेत, आणि त्यांनाच अवरक्त किरण म्हणतात.

त्यांचा शोध १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लावला. सूर्यप्रकाश लोलकातून नेऊन त्यांनी प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. न दिसणारा प्रकाश असतो हे त्या दिवशी एका साध्या तापमापकाने सिद्ध केले.

याचा उपयोग किती आहे ते आकड्यांवरून कळेल. आपल्या आकाशगंगेचे केंद्र सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. तेथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लक्ष कोटी भागांपैकी केवळ एक भाग आपल्यापर्यंत पोचतो. बाकीचा वाटेतल्या धुळीत हरवतो. परंतु सव्वादोन मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त किरणांपैकी दर दहा-पंधरा भागांमागे एक भाग येऊन पोचतो. मृगातील त्या पुसट डागाच्या मागेही धुळीत दडलेला एक तरुण जड तारा आहे. १९६७ साली बेकलिन आणि नॉयगेबाउअर या शास्त्रज्ञांनी तो अवरक्त किरणांतच शोधून प्रसिद्ध केला. साध्या दुर्बिणीने तो दिसत नाही.

ताऱ्याची सही

केवळ तारा दिसला म्हणून त्याचे वजन कळत नाही. त्यासाठी त्याचा प्रकाश उलगडावा लागतो. लोलकातून अथवा बारीक रेघांच्या जाळीवरून प्रकाश नेला की त्याचा वर्णपट तयार होतो आणि त्या पट्ट्यात ठरावीक जागी काळ्या किंवा उजळ रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्याशी जुळत नाही, तशीच ही मूलद्रव्याची सही.

या शास्त्राचा आपल्या मातीशी जुना संबंध आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याची छाया दक्षिण भारतावरून गेली. त्या वेळी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात (आज हे गाव कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे) एक तरुण लष्करी अधिकारी वर्णपटदर्शक घेऊन आला होता. त्याचे नाव लेफ्टनंट जॉन हर्शेल. अवरक्त किरण शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचा हा नातू! ढगांनी त्याला बरेच छळले. तरी मिळालेल्या फटीतून त्याने सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यात सुट्या उजळ रेषा होत्या, म्हणजेच त्या ज्वाला तप्त वायूच्या होत्या. त्याच ग्रहणात गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनीही असेच वेध घेतले. पुढे या रेषांच्या अभ्यासातूनच हेलियम हे मूलद्रव्य पृथ्वीवर सापडण्यापूर्वी सूर्यावर सापडले.

दुसरी हकीकत पुण्याची. तेथील कॉलेज ऑफ सायन्समध्ये (म्हणजे आजच्या अभियांत्रिकी विद्यापीठात) भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगामवाला हे तिचे प्रमुख होते. त्यांनी मृगातील त्याच तेजोमेघाचा, म्हणजे बाबांना मी दाखवलेल्या डागाचा, वर्णपट अभ्यासला. त्यात एक ठळक हिरवी रेषा आहे. लॉकयर हे त्या काळचे मोठे इंग्रज शास्त्रज्ञ तिचा संबंध मॅग्नेशियमशी जोडत होते. नेगामवाला यांना ती रेषा बारीक आणि रेखीव दिसली, आणि ही गोष्ट लॉकयर यांच्या मताला पोषक नव्हती. १८९१ साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की ती रेषा प्राणवायूची आहे. त्या वायूला चेतवतात ते मृगातील तारकागुच्छाच्या मध्यभागी असलेले जड तारे. पुण्यातील वेधशाळा १९१२ साली बंद झाली आणि तिचे साहित्य कोडाईकनालला गेले. परंतु जड ताऱ्यांनी उजळलेल्या ढगाची सही पुण्यात बसून वाचली गेली होती, हे आपण विसरू नये.

या रेषांवरून तापमान कसे काढावे, हे १९२० साली मेघनाद साहा यांनी सांगितले. ढाक्याजवळच्या खेड्यातील एका लहान दुकानदाराचा हा मुलगा. अतितप्त वायूतील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि किती सुटतील ते तापमानावर व दाबावर अवलंबून असते, हे त्यांनी गणिताने मांडले. त्यामुळे कोणत्या मूलद्रव्याची कोणती रेषा दिसते हे पाहून ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान सांगता येऊ लागले.

अवरक्त वर्णपटातही हेच सूत्र लागू पडते. २.१९ मायक्रॉनजवळ एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमची रेषा दिसली तर तारा तीस हजार अंशांहून तप्त आहे असे समजावे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० अंशांचा आहे. उलट २.२९ मायक्रॉनपाशी कार्बन मोनॉक्साइडची खोल खाच दिसली तर तो थंड झालेला, फुगलेला तांबडा तारा. रेषा उजळ आणि फार रुंद असली तर ताऱ्यावरून सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर वेगाने वायूचे वादळ बाहेर पडत आहे. असे वादळ ताऱ्याच्या म्हातारपणाची खूण आहे.

एकाच दिवसाची पेरणी

आता खरा पेच येतो. तापमान कळले, पण अंतर ठाऊक नसेल तर तारा मुळात किती तेजस्वी आहे हे कसे कळणार? जवळचा कंदील आणि दूरचा पेट्रोमॅक्स डोळ्यांना सारखेच दिसतात. तेजाशिवाय वजन नाही आणि वजनाशिवाय वय नाही. एकटा तारा आपला जन्मदाखला दाखवीत नाही.

येथे तारकागुच्छ मदतीला येतो. एका ढगातून जवळजवळ एकाच वेळी जन्मलेल्या ताऱ्यांचा समूह म्हणजे गुच्छ. त्यांचे अंतर एक आणि वयही एक. फरक काय तो वजनाचा. यावर विचार करताना मला आमचे शेत आठवले, आणि बाबांना कसे समजवावे ते सुचले.

समजा, मृगाचा पाऊस पडल्यावर एकाच दिवशी शेतात मूग, सोयाबीन, ज्वारी आणि तूर पेरली. मूग साधारण सव्वादोन महिन्यांत निघतो, सोयाबीन सव्वातीन महिन्यांत, ज्वारी चार महिन्यांत आणि तूर सहा महिन्यांच्या पुढे. आता कोणी परगावचा शेतकरी पेरणीची तारीख न विचारता बांधावर उभा राहिला. मूग निघालेला, सोयाबीन पिवळे पडून कापणीला आलेले, ज्वारी अजून हिरवी. तो चटकन सांगेल, पेरणीला सव्वातीन महिने होत आले. तारीख त्याला पिकानेच सांगितली.

गुच्छाचेही असेच. जड तारे आधी पिकतात, हलके मागाहून. कोणत्या वजनाचे तारे निघून गेले, कोणते पिकायला आले आहेत आणि कोणते अजून कोवळे आहेत, हे वर्णपटावरून ठरवले की गुच्छाचे वय निघते. त्याहून पुढची गोष्ट अशी की, शेतात एखादे धसकट दिसले आणि ते नुकतेच कापलेल्या पिकाचे आहे असे समजले, तर ते कोणत्या पिकाचे हेही सांगता येते. गुच्छात मेलेल्या ताऱ्याचा अवशेष सापडला तर तो जिवंतपणी किती जड होता हे त्याची भावंडे सांगतात.

धनु राशीतील धसकट

हे नुसते बोलणे नाही; याचा एक उत्तम दाखला आहे. ७ जानेवारी १९७९ रोजी धनु राशीच्या दिशेने गॅमा किरणांचा एक झटका आला आणि अवकाशयानांवरील उपकरणांनी तो टिपला. पुढे तेथून असे झटके वारंवार येऊ लागले. त्या जागेला एस. जी. आर. १८०६-२० असे नाव पडले. १९९८ साली तो चुंबकतारा असल्याचे सिद्ध झाले. चुंबकतारा म्हणजे जड ताऱ्याच्या मृत्यूनंतर उरलेला जेमतेम वीस किलोमीटर व्यासाचा गोळा. त्याचे वस्तुमान मात्र सूर्याहून जास्त आणि चुंबकत्व पृथ्वीच्या कोटीच्या कोटीपट. २७ डिसेंबर २००४ रोजी त्याने असा भडका दिला की इतक्या दुरून पृथ्वीच्या वरच्या वातावरणावर त्याचा परिणाम मोजता आला.

या शोधाच्या वाटेवर एक नाव आपल्याकडचे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ साली जन्मलेले आणि हुबळीला वाढलेले श्रीनिवास कुलकर्णी हे अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेत खगोलशास्त्रज्ञ आहेत. १९९५ साली ते आणि त्यांचे सहकारी या जागेचा अवरक्त वेध घेत होते. धुळीआड त्यांना एक अतितेजस्वी तारा आढळला. त्याचा अवरक्त वर्णपट काढला तेव्हा तो विरळ जातीचा जड तारा निघाला. हाच त्या झटक्यांच्या उगमाचा जोडीदार असावा असे त्या वेळी वाटले.

पण पुढे जागा अधिक अचूक मोजल्यावर दिसून आले की तो तारा आणि चुंबकतारा वेगळे आहेत. १९९९ साली हेही कळले की तेथे एकटा तारा नसून जड ताऱ्यांचा अख्खा गुच्छ धुळीत दडलेला आहे. एके काळी हा गुच्छ सुमारे ५० हजार प्रकाशवर्षे दूर मानला जात होता. २००८ साली त्यातील ताऱ्यांचे अवरक्त वर्णपट पुन्हा बारकाईने तपासले, तेव्हा अंतर सुमारे २८ हजार प्रकाशवर्षे भरले. अंतर घटले तसे तेजही घटले आणि त्या ताऱ्याच्या प्रचंड वजनाविषयीच्या गोष्टीही खाली आल्या. त्याच अभ्यासातून गुच्छाचे वय निघाले आणि त्यावरून चुंबकताऱ्याचा मूळ तारा सूर्याच्या सुमारे ४८ पट जड असावा असा हिशेब आला.

तरीही एक शंका उरतेच. हे धसकट याच शेतातले कशावरून? ते वाऱ्याने दुसरीकडून आलेले नाही कशावरून? २०१२ साली श्रीहर्ष तेंडुलकर (हे पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले), कॅमेरॉन आणि कुलकर्णी यांनी याचे उत्तर दिले. हवाईतील केक दुर्बिणीने काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या अवरक्त छायाचित्रांवरून त्यांनी चुंबकतारा किती आणि कोणीकडे सरकला ते मोजले. त्याची वाट मागे नेली तर ती गुच्छापाशी पोचते, आणि तेथून निघून त्याला सुमारे ६५० वर्षे झालेली दिसतात. म्हणजे धसकट त्याच शेतातले ठरले.

याच शोधनिबंधात त्यांनी आणखी एक चुंबकतारा मोजला. तो गरुड राशीत आहे. त्याचे नाव एस. जी. आर. १९००+१४. त्याचीही वाट एका गुच्छापाशी पोचते. निघून सुमारे ६ हजार वर्षे झाली. परंतु या गुच्छात फुगलेले तांबडे तारे आहेत. त्याचे वय सुमारे १ कोटी ४० लाख वर्षे आणि मूळ ताऱ्याचे वजन सूर्याच्या सुमारे १७ पट एवढेच निघते.

उष्णता मोजण्यासाठी थंडी

हे वेध परदेशी दुर्बिणींनी घेतले असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडेही हे काम चालू आहे आणि त्यात मुंबईच्या टाटा संस्थेचा वाटा मोठा आहे.

अवरक्त वेधांचे दोन शत्रू. पहिला, हवेतील पाण्याची वाफ. ती हे किरण शोषून घेते. दुसरा, उष्णता, दुर्बीण, उपकरण, भिंती, सारेच अवरक्त किरण फेकत असतात. भर दुपारी पणती शोधण्यासारखे ते आहे. म्हणून कोरड्या आणि उंच जागी जावे लागते व उपकरण अतिशय थंड ठेवावे लागते.

१९८० च्या दशकात टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एक मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण भल्यामोठ्या फुग्याला बांधून हैदराबादहून तीस किलोमीटरच्या आसपास उंचीवर पाठवली. तेथे वाफ नाहीच म्हटले तरी चालेल. ताऱ्यांच्या जन्मस्थानांतील तापलेल्या धुळीचे वेध तिने घेतले. २०१३ साली याच संस्थेने बनवलेले टिर्स्पेक हे उपकरण लडाखमधील हान्ले येथे, सुमारे ४५०० मीटर उंचीवरील दोन मीटर व्यासाच्या हिमालयीन चंद्रा दुर्बिणीवर बसवले गेले. ते १ ते २.५ मायक्रॉनमध्ये छायाचित्रे आणि वर्णपट घेते. त्याचा शोधक द्रव नायट्रोजनने थंड ठेवतात. २०१९ साली नैनितालजवळच्या देवस्थळ येथील ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर टॅन्स्पेक हे वर्णपटमापक आले. टाटा संस्था आणि नैनितालची एरीज संस्था यांनी हवाईतील एका कंपनीच्या साहाय्याने ते उभारले. जमखंडीच्या ढगांतून डोकावणारा तो वर्णपटदर्शक आणि हे टॅन्स्पेक यांच्यामध्ये दीडशे वर्षे गेली आहेत.

बाबांचा दुसरा प्रश्न

होळीला गावी गेले तेव्हा मी बाबांना हे सारे सांगितले. लोलक आणि रेषा सांगताना ते नुसते हूं हूं करीत होते. पण एकाच दिवसाच्या पेरणीचा दाखला दिला तेव्हा ते सरळ होऊन बसले. मूग आणि सोयाबीन, धसकट आणि त्याचे शेत, सगळे त्यांनी नीट ऐकून घेतले.

"म्हंजे तिथं जावाच नाही लागत," ते म्हणाले. "भावंडं सांगतेत."

मग थोडा वेळ विचार करून त्यांनी विचारले, "पन एक अठ्ठेचाळीसपट अन् एक सतरापट. पिकं येगयेगळे, मंग धसकट सारखंच काहून?"

मी चकित झाले. कारण शास्त्रज्ञांपुढेही आज हाच प्रश्न आहे. फार जड ताऱ्याच्या मागे कृष्णविवर उरावे अशी अपेक्षा असते. मग अठ्ठेचाळीसपट जड तारा एवढासा गोळा मागे ठेवून कसा गेला? आयुष्यभर वादळाने त्याचे वजन झिजले असेल. किंवा जवळच्या जोडीदार ताऱ्याने त्याचे थर ओढून नेले असतील. त्याचे स्वतःभोवती फिरणे आणि जन्मतःच मिळालेले चुंबकत्व यांचाही त्यात हात असेल. या तिन्ही शक्यता विचारात आहेत. निकाल लागलेला नाही. तो लावण्यासाठी असेच आणखी गुच्छ धुळीआडून शोधावे लागतील आणि एकेका ताऱ्याचा वर्णपट वाचावा लागेल.

विद्यार्थी मित्रहो, हा अभ्यास करताना मला दोन गोष्टी कळल्या. पहिली, विज्ञानातील अनुमान म्हणजे मनाला येईल ते बोलणे नव्हे. ५० हजारांचे २८ हजार झाले ते कोणाच्या दबावाने नव्हे, रेषा नव्याने मोजल्या म्हणून. चूक कबूल करण्याची ही सोय आपल्या इतिहासाच्या आणि समाजशास्त्राच्या अभ्यासातही असावयास हवी. दुसरी गोष्ट, प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. इतके दिवस मला वाटत होते की मी शिकून घरच्यांना सांगावयाचे आणि त्यांनी ऐकावयाचे. पण "कोन गेलं होतं तिथं मोजाले?" असे बाबांनी विचारले नसते तर मी पाठ केलेली माहितीच ज्ञान समजून बसले असते.

येत्या पौषात मी पुन्हा जागलीला जाणार आहे. बाबांना हवा असलेला निकाल तोवर लागलेला नसेल बहुधा. पण बाबा आठवण ठेवून विचारतील, हे नक्की.

— बी. ए. (द्वितीय वर्ष)